एका पायावरचा बगळा : गावच्या फलकावरचं व्यंगचित्र आणि ग्रामसभा

आमच्या गावच्या वाचनालयासमोर कडुलिंबाखाली एक काळा फलक आहे. शाळेने मोडीत काढलेला तो लाकडी फळा ड्रॉइंगच्या मास्तरांनी निवृत्त झाल्यावर मागून आणला. जुन्या सेलमधला काळा मसाला पानांच्या रसात घोटून त्याला दोन हात दिले आणि एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाची नजर सहज जाईल अशा उंचीवर ठोकला. दर सोमवारी सकाळी त्यावर नवीन चित्र असतं. सोमवारी शेजारच्या गावचा बाजार असतो, त्यामुळे अर्धं गाव त्या झाडाखाली उभं असतं.

त्या फलकावरच्या दोन चित्रांचं हे प्रकरण आहे. पहिल्या चित्राने गावाला तोंड फुटलं. दुसऱ्याने एका बाईचं तोंड बंद केलं. दोन्ही चित्रं एकाच हाताची, एकाच वर्षातली, आणि काढणाऱ्याचा हेतू दोन्ही वेळी स्वच्छ होता.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटच्या बाजूचं. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही नाही. ही माणसं आजही शेजारी-शेजारी राहतात. मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि गाव माझं स्वतःचं आहे, म्हणून यातलं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राजकीय व्यंगचित्राचा लोकमतावर काय परिणाम होतो, असा प्रश्न परीक्षेत आला की मुलं ‘मार्मिक’ आणि व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्यावर पानभर लिहून मोकळी होतात. ते लिहिलंच पाहिजे. पण चित्र काढणारा आणि ज्याचं चित्र निघालं तो, हे दोघं एकाच हापशीवर पाणी भरत असतील तर काय होतं, ते मला या फलकाने शिकवलं.

टाकी

गावात नळयोजना झाली. आखराच्या, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेच्या, बाजूला उंच टाकी उभी राहिली, घरोघरी तोट्या बसल्या, नारळ फुटला. पाणी आलं ते पंधरा-वीस दिवस. ज्या विहिरीवरून टाकी भरायची तिला माघ सरता-सरता तळ दिसायचा. विहीर आणखी खोल करायची होती, ती केली नव्हती. मोटारीचं वीज कनेक्शनही कायमचं नव्हतं. दोन उन्हाळे बाया गुंडावर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन त्याच जुन्या हापशीवर उभ्या राहिल्या आणि डोक्यावर टाकीची सावली पडत राहिली.

हे साऱ्यांना माहीत होतं. उघड कोणी बोलत नव्हतं. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे, पण गावात राहणाऱ्याला विचारा. पोराला शाळेसाठी रहिवासी दाखला लागतो, घरकुलाच्या यादीत नाव लागतं, रोजगार हमीतून शेतात विहीर लागते. ही सगळी कामं एकाच टेबलावर येतात. ठेकेदार तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या नात्यातला होता. एका तोटीसाठी चार कामं कोण अडकवून घेणार?

बोलायची जागा कायद्याने ठेवली आहे : ग्रामसभा. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. आमच्याकडे ती कधी भरायची नाही. मग सभा तहकूब व्हायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीची अट नसते. दहा-बारा माणसं बसायची, रजिस्टर घरोघरी फिरून सह्या-अंगठे गोळा व्हायचे आणि गावाने सर्वानुमते मंजूर केलं असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जायचं. आमच्या गावचा कारभार वर्षानुवर्षं या तहकूब सभांवर चालला. कोणी नियम मोडत होतं असंही नाही. लोक येत नव्हते, एवढंच.

त्याआधी वर्षभर गावातल्या दोन पोरांनी माहितीच्या अधिकारात टाकीचा काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळवला होता. सगळ्या तोट्यांना पुरेशा दाबाने पाणी येतं, असं त्यात लिहिलेलं. पोरांनी त्याची झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. टाइप केलेली बारीक अक्षरं, शिक्का, जावक क्रमांक. पावसाने ती गळून पडेपर्यंत दोन-चार जणांपलीकडे कोणी वाचली नाही. हा कागद लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

पहिलं चित्र

मास्तर सुरुवातीला फलकावर पोळ्याच्या शुभेच्छा, बैलाच्या खांदेमळणीची चित्रं, दहावीत पास झालेल्या पोरांची नावं असं काढत. त्या साली मृगाच्या तोंडावर एका रविवारी संध्याकाळी मी वाचनालयात बसलो होतो आणि ते फळ्याशी उभे होते. पांढरे खडू त्यांनी साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवलेले. असा खडू ओलाच चालवला की रेघ जाड येते आणि वाळल्यावर हाताला लागत नाही. त्यांनी टाकी काढली. गोल पोट, खाली चार खांब, बाजूला शिडी. हुबेहूब टाकी. मला वाटलं, झालं. मग ते दोन पावलं मागे सरले, थोडा वेळ पाहत राहिले आणि अंगठ्याने तीन खांब पुसून टाकले. टाकी एका पायावर उभी राहिली. शिडीच्या जागी मान आली, मानेला चोच, आणि एक मिटलेला डोळा. खाली रिकाम्या गुंडांची रांग, लहान-लहान गोल, फळ्याच्या काठापर्यंत आणि काठावरून बाहेर निघून गेलेली. शब्द एकही नाही.

चित्राखाली काही लिहायचं का, मी विचारलं. ते म्हणाले, “ज्याले वाचता येत नाही, त्याचं काय?”

सोमवारी सकाळी सात वाजता पहिली माणसं आली. मी मुद्दाम थांबलो होतो. आधी कोणी काही बोललं नाही. एकाने आखराकडे मान वळवून खऱ्या टाकीकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा टाकीकडे. ती मान वळणं मी नंतर दिवसभर मोजत बसलो असतो तर बरं झालं असतं, कारण या साऱ्या प्रकरणाचं मूळ त्या मानेत आहे. लोक टाकी रोज पाहत होते. आता त्यांना तिच्यात बगळा दिसायला लागला आणि एकदा दिसल्यावर तो पुसता येईना. आमच्याकडे डोळे मिटून मासळीवर टपलेल्या बगळ्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. नाल्याच्या काठाने वाढलेलं पोरगं त्याला ओळखतं.

दोन दिवसांत पोरं टाकीला बगळा म्हणू लागली. आठवड्याभरात हापशीवर बाया एकमेकींना विचारू लागल्या, “काय वो, बगळ्यानं आज तरी चोच उघडली का?” इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. ‘टाकीत पाणी का नाही’ असं विचारणं म्हणजे सरपंचाला, ठेकेदाराला, पुढाऱ्याला विचारणं होतं. ‘बगळ्यानं चोच उघडली का’ असं विचारण्यात कोणाचंच नाव नव्हतं. प्रश्न तोच होता, पण त्याला आता झूल चढली होती. ती झूल पांघरून प्रश्न चौकात, पारावर, पानठेल्यावर बिनधोक फिरायला लागला.

वाचता न येणाऱ्यांबद्दल मास्तरांसारखंच काहीसं 1871 मध्ये न्यूयॉर्कचा पुढारी बॉस ट्वीड याने म्हटल्याचं सांगितलं जातं. ‘हार्पर्स वीकली’त थॉमस नास्ट त्याच्या भ्रष्ट टोळीची चित्रं काढत होता. पेपरात काय छापून येतं याची ट्वीडला फिकीर नव्हती, त्याच्या मतदारांना वाचता येत नव्हतं, पण चित्र त्यांना दिसत होतं. पुढे ट्वीड कैदेतून पळाला आणि 1876 मध्ये स्पेनमध्ये सापडला, तेव्हा त्याची ओळख पटवायलाही नास्टचं चित्रच कामी आलं. वर्गात हे सांगताना मला आमच्या गावची एक आजी आठवते. तिने आयुष्यात अंगठ्याशिवाय काही उठवलेलं नाही. पोरांची ती झेरॉक्स तिच्यासाठी भिंतीवरचा डाग होती. बगळा तिने एका नजरेत वाचला.

15 ऑगस्टची सभा

झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा. त्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं. हजेरीचं रजिस्टर पहिल्यांदा पटांगणातच भरलं गेलं. लोक प्रश्न विचारायला आले होते असं मी म्हणणार नाही. बगळ्याचं काही निघतं का, ते पाहायला आले होते. त्यांना गंमत पाहायची होती. पण गमतीने आलेलं माणूसही गणपूर्तीत मोजलं जातं.

विषयपत्रिकेवरचे विषय भराभर वाचून झाले. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ असं ग्रामसेवकांनी म्हटलं आणि ती आजी उठली. “सायेब, त्या बगळ्याचं काय झालं?”

सारं पटांगण हसलं. ग्रामसेवकही हसले. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “आजी, कोणता बगळा? प्रोसिडिंगमधे काय लिहू?”

हसणं हळूहळू थांबलं. कोणीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं, नाहीतर आजी खोटी पडत होती. मागून एक जण म्हणाला, “टाकी.” दुसरा म्हणाला, “पान्याची टाकी, सायेब. दोन साल झाले, पानी नाही.” आणि मग ओळीने माणसं उभी राहायला लागली. त्या दोन पोरांपैकी एकाने खिशातून तोच दाखला काढून मोठ्याने वाचला : सगळ्या तोट्यांना पुरेशा दाबाने पाणी येतं. वर्षभर भिंतीवर कोणी न वाचलेला तो कागद त्या दिवशी सगळ्या गावाने कानांनी वाचला. प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला गेला, विहिरीच्या उरलेल्या कामाची चौकशी व्हावी म्हणून. खाली सह्या, आणि आजीचा अंगठा.

दोन आठवड्यांनी पोळा आला. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या होतात. “एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव” म्हणायचं आणि मग सावकार, पुढारी, दलाल, कोणालाही यमकात धुवायचं. त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं. त्या साली अर्ध्या झडत्यांत बगळा होता. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरांनी तुराट्या आणि जुन्या धोतराचा बगळा बांधला आणि “घेऊन जा गे मारबत” करत शिवेबाहेर नेऊन जाळला. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका एकोणिसाव्या शतकापासून निघतात आणि त्यांच्याबरोबर त्या-त्या वर्षीच्या राजकारणावर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे सोंगाचे पुतळे, असतात. व्यंगचित्र ही छापखान्याबरोबर आपल्याकडे आलेली गोष्ट, असं पुस्तकं सांगतात. कागदावरच्या चित्राबद्दल ते खरं असेल. पण बडग्या हे काठ्या-चिंध्यांचं व्यंगचित्रच आहे, आणि झडती ही त्याखालची ओळ. मास्तरांच्या फलकाला गावाने इतक्या पटकन आपलं म्हटलं, त्याचं कारण मला इथे दिसतं. राज्यकर्त्याचं सोंग काढण्याची मुभा गावाने वर्षातून दोन दिवस आधीच राखून ठेवली होती. मास्तरांनी ती दर सोमवारवर आणली.

बगळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून तालुकाभर गेला. कोणीतरी पोलीस ठाण्यात तोंडी तक्रार केली आणि मास्तरांना बोलावणं आलं. सोबत मी गेलो. माझ्या पिशवीत मुंबई उच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाची प्रत होती. 2012 मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरच्या टीकेला राजद्रोह म्हणता येत नाही. ती प्रत बाहेर काढायची वेळ आली नाही. साहेबांनी मोबाइलवर चित्र पाहिलं आणि विचारलं, हे कोणाचं आहे? मास्तर म्हणाले, “टाकीचं.” नाव कुठे आहे? नाव नव्हतंच. चहा देऊन परत पाठवलं.

दुसरं चित्र

आमच्या गावचं सरपंचपद तेव्हा महिलेसाठी राखीव होतं. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के जागा महाराष्ट्राने 2011 मध्ये दिल्या. जागा मिळाल्या, पण खुर्चीमागे कितीतरी ठिकाणी नवरा उभा राहिला. आमच्याकडेही कारभार नवराच पाहतो, हे उघड गुपित होतं. बगळ्यानंतर गावाला मास्तरांकडून आणखी हवं होतं. लोक येता-जाता म्हणायचे, “मास्तर, आता खुर्चीचं काढा.”

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यांनी काढलं. खुर्ची. खुर्चीत नऊवारी नेसलेली बाई, डोक्यावर पदर, पदराखाली चेहरा कोरा. काहीच नाही, फळ्याचा काळा रंग तेवढा. खुर्चीच्या पाठीमागून एक पुरुषी हात पुढे आलेला, मनगटावर घड्याळ, बोटांत पेन. चित्र म्हणून ते बगळ्यापेक्षा जास्त चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. त्या कोऱ्या काळ्या जागेवर नजर अडकायची. गाव पोट धरून हसलं. संध्याकाळपर्यंत बाईंना नाव पडलं होतं : बिनतोंडी.

आता त्या फळ्याला जे ठाऊक नव्हतं ते सांगतो. मलाही ते नंतरच कळलं. ग्रामपंचायतीची बिलं आता ऑनलाइन निघतात. सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते आणि आमच्या सरपंचबाईंचा डोंगल दोन वर्षं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात होता. 15 ऑगस्टच्या सभेत त्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. घरी गेल्यावर त्यांनी डोंगल मागितला. मिळाला नाही, तेव्हा नवऱ्याचा शर्ट धुवायला घेताना तो काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन महिने त्यांनी एकाही बिलाला सही केली नाही. घरात यावरून काय-काय झालं, ते त्यांनी मला जेवढं सांगितलं त्यातलं इथे लिहिणं बरोबर नाही.

म्हणजे बगळ्याने जर गावात एखादं माणूस खरोखर बदललं असेल, तर ते ही बाई होती. आणि त्याच बाईचा चेहरा फळ्यावर कोरा निघाला.

त्यांच्या सातवीतल्या पोरीला शाळेत बिनतोंडीची पोरगी म्हणाले. बाई पंधरा दिवस पंचायतीत आल्या नाहीत. त्या पंधरा दिवसांत डोंगल पुन्हा शर्टाच्या खिशात गेला आणि अडलेली बिलं निघाली. ठेकेदाराचं शेवटचं बिल त्यातलंच.

सोळाव्या दिवशी सकाळी त्या गुंड घेऊन हापशीवर निघाल्या होत्या. मास्तर फळा पुसत होते. त्या थांबल्या. गुंड खाली ठेवला. मी समोर वाचनालयाच्या पायरीवर होतो आणि त्यांचा आवाज चढला नाही, तरी प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

“गुरुजी, तुमी मले सातवीत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरीच्या परीक्षेले बसवलं. माहं तोंड तुमाले याद नव्हतं का?”

मास्तरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांना काही बोलता आलं नाही. बाईंनी गुंड उचलला आणि गेल्या.

पुढचा सोमवार

पुढच्या सोमवारी फळ्यावर सरपंचबाईंचा चेहरा होता. व्यंगचित्र नव्हे, सरळ चित्र. कपाळावरची शिवणीची जुनी खूण, किंचित बाहेर आलेला दात, समोर पाहणारे डोळे. खाली मास्तरांनी पहिल्यांदाच शब्द लिहिले : ‘चूक माझी. घरी न जाता चित्र काढलं.’

लोक आले, पाहिलं आणि गप्प राहून एसटीत बसले. त्या चित्राचा फोटो मात्र कोणी कोणाला पाठवला नाही. कोऱ्या चेहऱ्याचा फोटो तालुक्यात आजही फिरतो. सरपंचपतींवर कुठे भाषण झालं, बातमी आली, की तो कोणीतरी पुढे ढकलतं आणि खाली हसरे चेहरे येतात. खडूचं चित्र सोमवारी जन्मायचं आणि रविवारी पुसलं जायचं, या हिशेबाने मास्तर काढत आले होते. फोनच्या काळात खडूही पुसला जात नाही. वर्गात मी या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. चित्राची ताकद आणि चित्राचा धोका एकाच ठिकाणी आहे : ते एका नजरेत पोहोचतं. खुलाशाला वेळ लागतो, दोन वाक्यं लागतात, ऐकणारा थांबावा लागतो.

2012 मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं व्यंगचित्रकार शंकर यांचं 1949 चं चित्र संसदेत गाजलं. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. शंकर यांनी ते संविधान तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवर काढलं होतं. साठ वर्षांनी ते दीक्षाभूमीच्या मुलखातल्या माझ्या विद्यार्थ्यांपुढे आलं, तेव्हा त्यांना वेळ दिसला नाही, चाबूक दिसला. पुस्तकाच्या दोन मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले, त्यांतल्या पुण्यातल्या प्राध्यापकांच्या कार्यालयात तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण चाबूक कोणाला दिसतो आणि कोणाला दिसत नाही, हे पाहणाऱ्याच्या पाठीवर ठरतं, आणि चित्र काढणाऱ्याने त्या पाठीची चौकशी करावी, असं मला आता ठामपणे वाटतं. त्या सकाळी पायरीवर बसलो नसतो तर कदाचित वाटलं नसतं.

मग बदललं काय

पुढच्या उन्हाळ्याआधी विहिरीचं खोदकाम झालं, कायमचं कनेक्शन आलं आणि एक दिवसाआड पाणी सुरू झालं. हे चित्रामुळे झालं का? विद्यार्थ्यांना ‘हो’ असं उत्तर हवं असतं. मी ते देत नाही. ग्रामसभेचा ठराव होता, पोरांचा कागद होता, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि सत्ताधाऱ्यांना गावात प्रचाराला यायचं होतं. यातलं एकही नसतं तर बगळा एक चांगली गंमत म्हणून विरून गेला असता.

‘मार्मिक’च्या बाबतीतही मी मुलांना हेच सांगतो. ‘फ्री प्रेस जर्नल’मधून बाहेर पडलेल्या बाळासाहेब ठाकऱ्यांनी 1960 मध्ये ते साप्ताहिक काढलं आणि 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्रातून थेट पक्ष उभा राहिल्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. पण त्याच अंकांत ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. चित्राने माणसं गोळा केली, यादीने त्यांना बोट दाखवायला जागा दिली आणि नंतर शाखांनी त्यांना धरून ठेवलं. आमच्या गावात यादीचं काम त्या झेरॉक्सने केलं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं म्हणाल तर जुन्याच पॅनलच्या जास्त जागा आल्या. गावात मत भावकीवर पडतं, घरकुलावर पडतं, आदल्या रात्री काय वाटलं त्यावर पडतं. फळ्याने मत फिरवल्याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि मी तसा दावा करणार नाही. मला जे दिसतं ते असं : त्या ऑगस्टनंतर आमची ग्रामसभा गणपूर्तीअभावी एकदाही तहकूब झालेली नाही. लोकांना सभेत बोलून पाहायची सवय लागली. आजी आता प्रत्येक सभेत काहीतरी विचारते, कधी-कधी उगाचही, आणि ग्रामसेवक तिच्यासाठी थांबतात.

सरपंचबाई पुढच्या वेळी उभ्या राहिल्या नाहीत. जागा खुली झाली होती, तरी तिथून किंवा वॉर्डातून उभं राहता आलं असतं. मी विचारायला गेलो. चहा ठेवत त्या म्हणाल्या, “चित्राचा राग नाही हो सर. पन त्या पंधरा दिवसांत घरात जे झालं, ते पुन्हा उचलाची ताकद नाही राह्यली.” मास्तरांच्या माफीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही.

मास्तरांनी त्यानंतर स्वतःला एक नियम घातला. ज्याचं चित्र काढायचं त्याच्या घरी आधी जाऊन चहा प्यायचा. काय काढणार, ते सांगायचं नाही. फक्त बसायचं आणि ऐकायचं. माझे काही विद्यार्थी म्हणतात, याने व्यंगचित्राची धार जाते, लक्ष्मण काय मंत्र्याकडे चहाला जाऊन चित्र काढत होते का? प्रश्न रास्त आहे. मुंबईतल्या पेपरातल्या चित्रकाराला अंतराचं संरक्षण असतं आणि ज्याचं चित्र निघतं त्यालाही असतं. मंत्र्याकडे माध्यमं आहेत, प्रवक्ते आहेत. आमच्या सरपंचबाईंकडे हापशीवर जाणारी एक वाट होती आणि ती त्या फळ्यासमोरून जात होती. धारीचं म्हणाल तर मागच्या उन्हाळ्यात मास्तर एका कृषी केंद्रवाल्याकडे चहा पिऊन आले आणि सोमवारी बोगस बियाण्याचं जे चित्र काढलं, त्याने तो आठवडाभर दुकानाबाहेर आला नाही. चहाने धार गेली नव्हती.

आता त्यांचा हात थोडा थरथरतो. जाड रेघा ते काढतात आणि बारकावे दोन पोरी भरतात. त्यांतली एक सरपंचबाईंची आहे. एलिमेंटरी झाली, यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. तिला फळ्यावर कोणी बोलावलं, की ती स्वतःहून आली, हे मी विचारलेलं नाही.

टाकीला गाव अजून बगळाच म्हणतं, पण आता त्यात डंख राहिलेला नाही, नुसतं नाव राहिलं आहे. परवा सकाळी पाण्याच्या दिवशी मी त्या गल्लीतून जात होतो. सरपंचबाई दाराशी तोटीखाली गुंड लावून उभ्या होत्या. आत हवा घरघरली, मग पाणी आलं, आणि त्यांनी भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारली, “आला वो बगळा, भरून घे.”